पिंगासुत वाजलं

आमच्या आक्काला घड्याळ कळत न्हाई, हे सगळ्या गावात एकट्या मला ठावं हुतं. आता तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, म्हणून मी बोलते. न्हाईतर कुणी जीव घेतला असता तरी मी तोंड उघडलं नसतं.

आक्का म्हंजे विजयमाला, माझी थोरली जाऊ. मी शालन, धाकटी. आष्ट्याच्या अलीकडं मळ्यात आमची दोन घरं एका अंगणात हायत, मधी एक लिंबाचं झाड. तिचं माहेर जतच्या पल्याड, जिथं निम्मी माणसं कानडी बोलत्यात. कोरडवाहू ज्वारी, थोडी मेंढरं आन घरात सहा पोरी. शाळेत तिला घातलंच न्हाई. बाप म्हणायचा, मेंढरं काय शिकल्याली माणसं बघून चरत्यात व्हय? त्या वाडीत घड्याळ म्हणून एक हुतं, सरपंचाच्या सोप्यात, आन ते पण बंद. उन्हं कुटं आली, मेंढरं कवा बसली, यावर त्यांचं सगळं चालायचं आन कुणाचं काय अडायचं न्हाई.

तिथनं ती आली उसाच्या मुलखात, आन पडली कुणाच्या पदरात, तर आमच्या थोरल्या दिरांच्या. त्यांचं नाव आकाराम. फौजेतनं सुभेदार होऊन घरी आले, तवापासनं अख्खं गाव त्यांना सुभेदारच म्हणतं, मी पण. ह्या माणसाला घड्याळाचं लय याड. चहा घड्याळावर, आंघोळ घड्याळावर, भाकरी पण. पलटणीनं निरोपाला दिल्यालं भिंतीवरचं घड्याळ सोप्यात मधोमध लावलंय, त्येला हात लावायची कुणाची छाती न्हाई. कारखान्याचा भोंगा झाला की मनगट वर करणार आन म्हणणार, "आज कारखाना मागं हाय." कारखान्याचं चुकंल, सुभेदारांचं चुकायचं न्हाई. त्यांच्याच घरात, त्यांच्याच शेजारी, घड्याळ न कळणारी बाई चाळीस वर्सं नांदली आन त्यांना पत्ता लागला न्हाई. ह्येला काय म्हणावं ते तुमीच म्हणा.

तिच्या सोयी हुत्या. हंगाम असला की कारखान्याचा भोंगा, चारचा, बाराचा आन आठाचा. हंगाम न्हाई तवा यष्टी, शाळेची घंटा, टीव्हीवरची मालिका. कुणी विचारलं, "किती वाजलं ओ काकी?" तर तिचं उत्तर ठरल्यालं, "बघ की बाळा तूच, माझा चष्मा आत राह्यलाय." चष्मा लागायच्या आधी डोळ्यात कचरा जायचा. मोबाईलवर आकडं येत्यात ते तिला वळखू येत्यात, नोटा मोजून मोजून. पण त्या दोन टिपक्यांच्या अलीकडचं काय आन पलीकडचं काय, हे तिला कळत न्हाई.

मी अंगणवाडीत मदतनीस. म्हटलं, आक्का, मी दीडवितीच्या पोरांना शिकवते, तुला काय, आठ दिसात शिकवते. दोनदा बसवली. पुठ्ठ्याचं घड्याळ केलं. पण काटा पाचावर असला की पंचवीस का म्हणायचं, ह्यावर ती अडली आन तेवढ्यात सुभेदारांच्या चपला वाजल्या. ह्या बाईनं पुठ्ठ्याचं घड्याळ पदराखाली घातलं. तोंड पांढरंफटक. चोरी केल्यावर पण माणूस एवढं भीत न्हाई. त्यानंतर बसलीच न्हाई. "जाऊ दे शालन, सरलं की आता," म्हणाली.

एवढं काय भ्यायचं, असं मला पण वाटायचं. लाख बायकांना घड्याळ येत न्हाई, त्या काय मरत्यात? पण तिचं दुखणं घड्याळाचं न्हवतंच. तिचं दुखणं सुभेदारांची गोष्ट.

ती गोष्ट तुमाला सांगितलीच पायजे, कारण सुभेदार ती सगळ्यांना सांगत्यात. नवं लग्न झाल्यालं. सुट्टी संपली. सकाळी मिरजेला जाऊन गाडी धरायची, त्यासाठी आष्ट्यातनं पहिली यष्टी गाठायची. सुभेदारांना दोन दिस ताप, गोळी खाऊन झोपल्याले. बायकोला म्हणाले, चारला उठीव. आन बायकोनं उठवलंच न्हाई. डोळं उघडलं तर कोंबडं आरवून गेल्यालं, उजाडल्यालं, आन ही शेजारी बसल्याली, मांडीवर गजर बिघडल्यालं घड्याळ, डोळ्यात पाणी. गाडी चुकली. पुढच्या गाडीत जागा न्हाई. पलटणीत उशिरा हजर, मग शिक्षा झाली, पाठीवर पिट्टू, म्हंजे वजन भरल्याली पिशवी, बांधून भर उन्हात पळायची. इथपर्यंत सांगून सुभेदार थांबत्यात. मग छाती फुगवून म्हणत्यात, "तिला मला जाऊ द्यायचं न्हवतं रं गड्या. रातभर घड्याळ बघत बसली, पण हात लावून उठवायचं काळीज झालं न्हाई. मी पिट्टू घेऊन पळालो, पर एक दिस पाठ दुखली न्हाई."

फौजेत ज्यानं त्यानं ऐकली. गावात पारावर सगळ्यांची पाठ झाली. पोराच्या, जयराजच्या लग्नात तर माईक हातात घेऊन सांगितली. माणसं टाळ्या वाजवायला लागली, बायकांनी तोंडाला पदर लावला. आक्का खाली बघत बसली. सगळ्यांना वाटलं, लाजली. लाजली हुतीच, पण ती लाज निराळी.

खरं काय झालं, ते तिनं मला शेंगा फोडता फोडता सांगितलं हुतं, लय वर्सांमागं. ती लग्न होऊन आली ऐन हंगामात. पहाटं कारखान्याचा भोंगा झाला की सासू म्हणायची, चार वाजलं, उठा. तेवढं तिनं मनात धरलं. नवरा म्हणाला चारला उठीव, तर ही निर्धास्त. घड्याळ मांडीवर घेऊन बसली ती नुसती दाखवायला. काटं फिरत्यात ते दिसतंय, चार कुठलं ते कळत न्हाई, पण भोंगा होणारच की. आता तिला कुणी सांगितलंच न्हवतं, की हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, की भोंगा पण बंद हुतो. दोनच दिसांमागं पट्टा पडल्याला. ही आपली भोंग्याची वाट बघत बसली, आन बघता बघता उजाडलं.

"मग तवाच का सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

"काय सांगू? परत सुट्टीला आले ते हसत आले. रागवले असते, एक थोबाडात दिली असती, तर सांगून मोकळी झाले असते. ते आले ते ही गोष्ट घेऊनच आले. आल्या आल्या मला म्हणाले, तुझ्यापायी पिट्टू खाल्ला बघ. आन असं बघितलं माझ्याकडं, की मला बोलताच आलं न्हाई."

म्हंजे बघा. घड्याळ येत न्हाई म्हणून सांगावं, तर त्या माणसाची जन्माची गोष्ट मोडायची. न सांगावं, तर दर वेळी ती गोष्ट ऐकत खोट्या मानाची बाई होऊन बसायचं. तिनं दुसरं धरलं, आन चाळीस वर्सं निभावलं. मोडलं ते नातीनं.

जयराज सांगलीत हॉटेलाचं शिकला आन कॅनडात गेला. लोक कॅनडा म्हणाले की टोरंटो म्हणत्यात. आमचा गेला पार वर, इकालुइत म्हणून गाव हाय बर्फात, तिथल्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात. बरोबर बायको आन लेक प्रांजल, दुसरीत. तिथल्या मूळ माणसांना इनुइट म्हणायचं आन त्यांच्या भाषेला इनुक्टिटुट. प्रांजलच्या शाळेत ती भाषा शिकवत्यात. पोरीला लय गोडी. भुवया वर केल्या की हो, नाक मुरडलं की न्हाई, हे पण ती तिथनंच शिकली. आक्कानं विचारलं, "जेवलीस का?" तर पोरगी नुसत्या भुवया उडवायची. सुभेदार म्हणायचे, ह्ये काय, तोंड हाय का न्हाई?

एकदा तिनं सांगितलं की तिथं शनिवारला बिस्किटाचा दिवस म्हणत्यात. जुन्या काळी त्या दिवशी दुकानातनं बिस्किटं वाटायचे, म्हणून तेच नाव पडलं. आक्काला ते फार आवडलं. "हे शहाण्यांचं काम हाय," म्हणाली. "वार असा पायजे, कळतो तरी."

मार्गशीर्षात एक दिस पोरीचा फोन आला. आमची दिवेलागण, तिची सकाळ, पण तिथं थंडीत सकाळ झाली तरी काळोखच. म्हणाली, "आज्जी, मला होमवर्क आहे. इनुक्टिटुटमध्ये टाइम सांगायचा. पण आपण नाही, घरातल्या मोठ्या माणसानं. बाई म्हणतात, भाषा आजी-आजोबांच्या तोंडात राहते. बाकीच्यांचे आजी-आजोबा इथंच आहेत. माझी तू आहेस. उद्या मी व्हिडिओ करणार, तू मागचं घड्याळ बघून सांगायचं."

आक्का म्हणाली, "बरं." आन फोन ठेवून तडक माझ्या घरात आली. "शालन, आता ग काय करू?"

"आजोबाला सांगायला लाव की."

"ती आज्जी म्हणाली. तिला आज्जीच पायजे."

मला तिचा राग आला, खरं सांगते. म्हटलं, सांग ना पोरीला, मला येत न्हाई म्हणून. बर्फातल्या पोरांना काय पडलंय तुझं? तर म्हणाली, "पोरीला सांगितलं की जयराजला कळंल. जयराजला कळलं की यांना कळंल." मग मीच ती शक्कल काढली. शक्कल कसली, कर्म माझं. सुभेदार सांजचं पारावर जात्यात. दुसऱ्या दिशी ते गेल्यावर मी स्टुलावर चढले, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला आन काटं तिनावर आणून ठेवलं. आता कवा पण विचारू दे, तीनच. तीनला त्यांच्यात पिंगासुत म्हणत्यात, प्रांजलनं फोनवर घोकून घेतल्यालं. वेळ सांगताना आकड्याला पुढं जोडायची शेपूट पण असते म्हणं, पण पोरगी म्हणाली, आज्जी तू नुसता आकडा म्हण, चालतंय. इथं निम्मी माणसं घड्याळाचं इंग्रजीतच सांगत्यात, असं जयराज म्हणाला, आपल्यागतच.

प्रांजलनं विचारलं. आक्कानं चष्मा नीट केला, मान वळवून घड्याळाकडं बघितलं, जरा डोळं बारीक केलं, कुणी शिकवलं न्हवतं तरी, आन म्हणाली, "पिंगासुत."

मला हसू आवरंना. पोरगी तिकडं टाळ्या पिटत हुती.

आता खिडकीतनं बाहेर अंधार दिसतोय आन घड्याळात तीन, हे कुणाच्या तरी ध्यानात यायला पायजे हुतं. आमच्या आलं न्हाई. आन तिथल्या पोरांच्या येणारच न्हवतं, कारण त्यांच्याकडं थंडीत दुपारी तिनाला अंधारच असतो. व्हिडिओ वर्गात दाखवला. बाईंना लय आवडला.

पण इकडं दुसऱ्या दिशी घरात भूकंप. सुभेदार पारावरनं आले तवा आक्कानं घाईत सेल परत बसवल्याला, आन काटं न फिरवताच. तिला वाटलं, सेल घातला की घड्याळ आपसूक ताळ्यावर येतं. रातचं सुभेदार मनगटावरचंच बघत्यात, सकाळी भिंतीवरचं बघितलं तर ते चार तासांनी मागं. माझ्याशी बोलायचं झालं तर ते लिंबाकडं बघून बोलत्यात, भावजय ना मी. लिंबाला म्हणाले, "ह्या घड्याळानं अठ्ठावीस वर्सांत दगा दिला न्हाई. सेल डुप्लिकेट हाय." आन घड्याळ काखंत मारून आष्ट्याला चांदसाहेबांच्या दुकानात गेले, सेल तिथलाच. म्हातारं घड्याळजी, सालस माणूस, त्यांना भर बाजारात बोलून आले. चांदसाहेबांनी नवा सेल फुकट घातला आन म्हणाले, "घड्याळात खोट न्हाई सुभेदार. पण तुमी म्हणताय तर माझंच चुकलं असंल." हे सुभेदारांनी घरी येऊन मिशीवर ताव देत सांगितलं. आक्कानं ताट तसंच सारलं. जेवली न्हाई. "माझ्या पापापायी त्या माणसाला बोलणं बसलं," मला म्हणाली. मला पण तोंड उचलून बघवंना.

ह्यावर भागलं असतं तर बरं हुतं. चार दिसांनी पोरीचा फोन. बाईंना आज्जी एवढी आवडली की त्यांना तिच्याशी सगळ्या वर्गासमोर बोलायचंय. पोरं घड्याळ दाखवणार, आज्जी सांगणार. जयराज शाळेत जाऊन फोन लावून देणार. आक्काच्या हातातनं भांडं सुटलं. सुभेदार मात्र हरखले. "लाव म्हणावं. इंटरनॅशनल हाय."

ठरल्या सांजच्याला सुभेदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मेडलं लावू का, असं लिंबाला विचारलं. तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. आक्का पुढं बसली, नवं लुगडं, डोक्यावर पदर, नाकावर चष्मा. सुभेदार शेजारी खुर्चीवर. मी उंबऱ्यात. प्रांजलनं मोबाईलवर पाठवल्यालं आकडं आक्कानं दुपारभर माझ्याकडनं वाचून घेऊन पाठ केल्यालं. आताउसिक, मारूक, पिंगासुत, तिसामत, ताल्लिमत. आकडं तिला पाठ झालं. पण कुठला काटा बघून कुठला आकडा म्हणायचा, ते एका दुपारीत यायला ती काय जादू हाय? मधी दोन-चार दिस तिला वेळ हुता, पण मी शिकवते म्हटल्यावर तिनं दारच लावून घेतल्यालं.

फोन लागला. वर्ग भरून पोरं, गोल गोल तोंडं, जाडजूड कपडं. सगळी एकदम ओरडली, "आनानात्सिआक!" प्रांजल पुढं आली, म्हणाली, "म्हणजे आज्जी." त्यांच्या बाई म्हाताऱ्या, पांढऱ्या केसांच्या, आक्कापेक्षा वयानं जास्तीच. त्यांनी पुठ्ठ्याचं घड्याळ वर धरलं. अगदी माझ्यासारखंच केल्यालं पुठ्ठ्याचं घड्याळ.

आक्का म्हणाली, "पिंगासुत."

नशीब. बाईंनी सुरवातीला तीनच लावल्याले. पोरांच्या भुवया वर गेल्या. सुभेदारांनी माझ्याकडं न बघता लिंबाकडं बघितलं, म्हंजे बघितलंस का, असं.

बाईंनी काटं फिरवलं. पाच. मला उंबऱ्यातनं दिसत हुतं. आक्का बघत राह्यली. मग ती हळूच म्हणाली, "पिंगासुत."

एक पण पोर हसलं न्हाई. सगळ्यांनी नाकं मुरडली, त्यांच्या रीतीनं, नुसतं 'न्हाई' म्हणायला. जयराजनं सांगितल्यालं मला ठावं हुतं. पण वर्गभर पोरांनी एकदम नाक मुरडलं की जिवाला कसं वाटतं, ते तिथं बसल्यावर कळतं. बाई हसल्या, काटं परत फिरवलं, दोन वाजवलं. सोपं करत हुत्या बिचाऱ्या. आक्काच्या ओठांवरनं तिनं पाठ केल्यालं सगळं उडून गेल्यालं. तिनं एकदा फोनकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मी काय करू? मी दोन बोटं वर केली, तर ते सुभेदारांनी बघितलं.

"अगं दोन वाजल्यात," सुभेदार म्हणाले. पलटणीतला आवाज. "बघ की नीट. काय झालंय तुला?"

आक्का खाली बघत बसली. आन तेवढ्यात प्रांजल वर्गाकडं वळून भरभर काय तरी बोलली. त्यांच्या भाषेतलं मला कळलं न्हाई, पण मधी इंग्रजी शब्द आलं ते कळलं. ग्लासेस. ब्रोकन. आज्जीचा चष्मा मोडलाय.

चष्मा तर नाकावर हुता. धडधाकट. एवढ्या सगळ्या पोरांना दिसत हुता. पुढच्या बाकावरच्या एका बारक्या पोरीनं फोनकडं बघून हळूच स्वतःच्या डोळ्यांना हात लावला. प्रांजलचं तोंड लालबुंद. सात वर्सांची पोर, आज्जीची लाज झाकाय तिनं पयलं जे सापडलं ते बोललं, आन ते पण कुणाकडनं शिकली? माझा चष्मा न्हाई, माझा चष्मा आत राह्यलाय. जन्मभर आक्कानं जे सांगितलं, तेच फोनवरनं ऐकून ऐकून.

आक्कानं चष्मा काढला. पदरानं पुसला. परत घातला. मला वाटलं आता फोन बंद करंल. केला असता तर वेळ निभावली असती, रेंज गेली म्हणून सांगता आलं असतं. सुभेदार शेजारीच बसल्याले. तिनं त्यांच्याकडं बघितलंच न्हाई.

"प्रांजल," ती म्हणाली. "माझ्यापायी खोटं बोलू नगं बाळा. चष्मा धड हाय. मला घड्याळ वाचाय येत न्हाई. कवाच आलं न्हाई. त्या दिशी भिंतीवरचं घड्याळ बंद करून ठेवलं हुतं तिनावर, तुला फसवलं. सांग तुझ्या बाईंना."

तिकडनं जयराजचा आवाज आला, "आई?" मग प्रांजल वळली आन वर्गाला सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. बाईंनी ऐकलं आन पुठ्ठ्याचं घड्याळ मांडीवर ठेवलं. मग आक्काकडं बघून त्यांनी एकदा भुवया वर केल्या, बस. प्रांजल रडक्या आवाजात म्हणाली, "आज्जी, बिस्किटाच्या दिवशी शाळा नसते. मी शिकवेन. कुणाला नाही सांगायचं." आन फोन बंद झाला.

मी उठून जायला पायजे हुतं. उंबऱ्यातच बसून राह्यले.

सुभेदार खुर्चीत तसंच बसल्याले. इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "कवापासनं?"

"पैल्यापासनं."

"मग त्या पहाटं..."

"तुमी म्हणाला चारला उठीव. मी घड्याळ घेऊन बसले. मला वाटलं, भोंगा हुईल. पट्टा पडल्यावर भोंगा होत न्हाई, हे मला ठावं न्हवतं."

"आईला उठवायचं की."

"नव्या सुनंनं काय म्हणून उठवायचं? घड्याळ येत न्हाई म्हणून?"

सुभेदारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना असं कवा बघितलं न्हवतं. झाकल्या हातातनंच म्हणाले, "पोराच्या लग्नात माईकवर सांगितलं मी. अख्ख्या पलटणीला सांगितलं. चाळीस वर्सं नुसतं घड्याळ बघ, घड्याळ बघ म्हणून ओरडलो तुझ्यावर." मग म्हणाले, "त्या चांदसाहेबाला बोलून आलो ग."

"म्हणूनच सांगत न्हवते," आक्का म्हणाली. "तुमची गोष्ट गेली असती."

सुभेदारांनी हात खाली घेतलं. डोळं लाल. विचारावं का नगं, असं त्यांच्या तोंडावर दिसत हुतं. एवढा मोठा माणूस, पण विचारताना आवाज पार बारीक झाला.

"म्हंजे मला जाऊ द्यायचं न्हवतं तुला, ते काय खरं न्हवतं?"

आक्कानं डब्याला टेकवल्याला फोन उचलला, पदरानं पुसला.

"जाऊ द्यायचं न्हवतंच," ती म्हणाली. "पण उठवणार हुते मी."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. रोज भोंगा झाला की त्यांचं मनगट वर जातं, त्या दिशी हात मांडीवरच राह्यला.

"आठ वाजलं," आक्का म्हणाली. "जेवाय वाढू?"